मला बाजूला बसवलं

आमच्यासारख्यांना कामावर फुकट चहा-बिस्किट मिळालं की मी आधी साहेब लोकांच्या तोंडाकडं बघतो. काहीतरी शिजून राह्यलेलं असतं.

त्या सकाळी आमच्या जिनिंगमधी तसंच झालं. कापसातून सरकी वेगळी करायचा हा कारखाना, भोकरदन रोडला. शहरातून इस्त्रीच्या शर्टातला एक साहेब आल्ता. आम्हाला सतरंजीवर बसवलं, चहा पाजला अन्‌ म्हणला, "धक्का बसला तरी टीम मोडता कामा नये. एक माणूस नसला तरी काम चाललं पाहिजे."

मी मनात म्हणलं, आला मुद्द्यावर. कोणता माणूस?

माझं काम ढीग राखायचं. आवारात कापसाचे ढीग पडलेले असतात. ओला कापूस आत दबला की तापतो, वरून काही दिसत न्हाई, अन्‌ एकदा पेटला की सगळं खलास. म्हणून ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघत फिरायचं. गरम लागला की ढीग फोडून पसरायचा. कित्येक हंगाम हे मी एकटाच करून राह्यलो. बायको गेल्यापासून तर मला तेवढंच उरलं. पोरगी जाफराबादला दिलेली. घरी दोन खोल्या, दोन्हीत बोलायला कोणी न्हाई. तिचा जलदान विधी झाला अन्‌ दुसऱ्या दिवशी मी कामावर आल्तो. लोकं म्हणले, म्हाताऱ्याचं काळीज दगडाचं. म्हणू द्या. हे काम गेलं तर सकाळी उठून मी जाऊ कुठं?

तव्हा कामावर परत आल्यापासून बघतो तर माझ्या मागं एक माणूस लावलेला. पिंपळगाव रेणुकाईचा, चांगला धडधाकट. मी ढिगात हात घातला की तो बी घालायचा. "बाबा, एवढं गरम चालतं का? बाबा, ह्याच बाजूनं का बघितलं?" मी हूं हूं करून पुढं जायचो. त्याला लावलं होतं मुकादमीणबाईनं. माझ्याहून थोडी लहान, पण सगळ्या आवारावर तिचा आवाज चालतो.

"आता एक खेळ घेऊ," इस्त्रीवाला म्हणला. "एकानं बाजूला बसायचं. त्याचं काम बाकीच्यांनी करायचं. कोणाला बसवू या?"

बाईनं बोट माझ्याकडं केलं. जरा बी थांबली न्हाई.

लिंबाखाली खुर्ची टाकली. "बाबा आज नवरदेव!" एक जण ओरडला, बाया हसल्या. मी बसलो. खरं सांगतो, यांचं काहीतरी चुकावं असं मला वाटून राह्यलं होतं. पण त्या पिंपळगावच्यानं कडेच्या ढिगात हात घातला, तिथंच थांबला अन्‌ हाक मारली. बायांनी येऊन ढीग फोडला, पसरला. माझ्याकडं कोणी बघितलंसुद्धा न्हाई.

जेवणाच्या सुट्टीत मी बाईपुढं जाऊन उभा राह्यलो.

"झालं ना बराबर? चाललं ना माझ्याबिगर? मंग साहेबाच्या तोंडून कशाला, तुम्हीच सांगा, उद्यापासून येऊ नका म्हणून."

"भाऊ, आधी बसा."

"सकाळपासून बसूनच आहे."

बाईनं भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली. "वहिनी दवाखान्यात होत्या तव्हा तुम्हाला फोन मीच केल्ता. धुपल्याचा वास येतोय, ढीग कोणता ते कोणाला कळंना, जल्दी या म्हणलं. तुम्ही आले. अन्‌ तिकडं..."

तिकडं ती गेली. एकटीच. आमच्यात यावर आजपर्यंत एक शब्द झाला न्हवता.

"दुसऱ्या कोणाला कळत असतं तर मी कशाला फोन केला असता? म्हणून ह्याला तुमच्या मागं लावला. अन्‌ त्याला खरंच येतं का, ते आज बघून घेतलं."

"अन्‌ साहेबाला काय बघायचंय?"

"ते मला बी ठाऊक न्हाई."

सगळं चांगलंच हाय म्हणली असती तर मी बिलकुल भरोसा ठेवला नसता.

"त्याला उद्यापासून सुट्टी पाहिजे," ती म्हणली. "बायकोचे दिवस भरलेत. तुम्ही हायेत म्हणून मी हो म्हणले. आता तुम्हीच जातो म्हणता, तर त्याला काय सांगू?"

संध्याकाळी काम सुटल्यावर पिंपळगावच्या जीपमधी बसलो अन्‌ सरळ त्याच्या घरी गेलो. बाईचं खरं का खोटं, बघायचं होतं. त्याची बायको अंगणात खाटंवर बसलेली, पाय सुजलेले. त्याच्या आईनं चहा ठेवला.

"बाबा, आज इकडं कसे काय?" तो गडबडलाच.

"असंच."

चहा पिला. निघताना त्याला फाटकापाशी बोलावलं. म्हणलं, "उद्यापासून ढीग मी बघतो. तू हिच्यापाशी थांब. अन्‌ कामावरून फोन आला तर उचलू नको. साहेबाचा आला तर बिलकुलच न्हाई."