वसूची बिनरंगाची पद्मिनी

वसू गेल्याचं तिच्या मुलीने, रुचाने, फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : "गाडी घेऊन गेली होती?" नंतर माझी मलाच लाज वाटली. पण रुचाला त्यात काही वावगं वाटलं नाही. रडता रडताच ती म्हणाली, "हो ना गं मावशी. स्वतःच चालवत गेली." साध्या तपासणीसाठी म्हणून मुलुंडच्या हॉस्पिटलात गेलेल्या वसूला डॉक्टरांनी ठेवून घेतलं होतं. मला तिने वॉर्डातून फोन करून सांगितलं होतं, "सुमे, येऊ नकोस, उद्या सोडतायत." त्यांनी सोडलं नाही. तिचं हृदय केव्हापासून दमत चाललं होतं, ते तिने आम्हाला कधी कळूच दिलं नव्हतं... या गोष्टीला आता काही आठवडे झालेत. घरातली माणसं आपापल्या कामाला लागली आहेत. मला मात्र वसूबद्दल लिहायला बसलं की आधी ती गाडीच दिसते.

वसुधाने आणि मी भांडुपच्या एका शाळेत बरोबर नोकरी केली. मी मराठी शिकवायचे, ती शिवणकाम. बुटकी, ठसठशीत, आवाज असा की मैदानाच्या पलीकडची पोरं जागच्या जागी थांबावीत. तिचे वडील, अण्णा, मालवणकडचे. घाटकोपरच्या एका डॉक्टरांकडे ते आयुष्यभर ड्रायव्हर होते. डॉक्टर आपल्या मुलाकडे परदेशी कायमचे जायला निघाले तेव्हा ज्या गाडीतून अण्णांनी त्यांना इतकी वर्षं फिरवलं ती पद्मिनी त्यांनी अण्णांनाच देऊन टाकली. काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणून एके काळी मुंबईभर धावायच्या ना, तसलीच, पण हिचा रंग दुधी होता. अण्णा तिला रोज पुसायचे. त्यांनी मुलाला, विलासला, गाडी शिकवली. वसूने हट्ट केला तेव्हा म्हणाले, "तुला काय करायची? तू मागे बस, राणीसारखी." वसू मागे बसली. लग्न होऊन गेली तीसुद्धा त्याच गाडीच्या मागच्या सीटवरून.

अण्णांनंतर गाडी विलासकडे गेली. त्याने गोराईला छोटं घर घेतलं होतं, गाडी तिथे अंगणात नेऊन लावली आणि हळूहळू विसरून गेला. समुद्राची हवा मात्र विसरली नाही. आम्ही दोघी निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. एक दिवस विलासचा वसूला फोन आला. अंगण मोकळं करून तिथे सुट्टीत येणाऱ्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. "भंगारवाल्याशी बोललोय. तुला आठवण म्हणून काही काढून घ्यायचं असलं तर दिवाळीआधी ये." वसूने मला बरोबर घेतलं. बोरिवलीहून खाडीची बोट करून आम्ही पलीकडे गेलो. मला वाटलं होतं, ही स्टिअरिंग काढून घेईल, नाहीतर समोरच्या काचेपाशी अण्णांनी लावलेला छोटासा गणपती.

गाडी जांभळाखाली उभी होती. उभी कसली, बसलीच होती. चारही टायर मातीला टेकलेले, बॉनेटवर पानांचा थर, दाराखालचा पत्रा बिस्किटासारखा झालेला. आत डोकावले तर पायाशी गवत! खालचा पत्रा कुजून गेला होता आणि त्यातून ते सरळ वर आलं होतं. विलास शरमून म्हणाला, "ताई, लक्षच गेलं नाही गं." वसूने दार ओढलं, ते करकरत उघडलं. पदर खोचून ती आत शिरली आणि स्टिअरिंगमागे बसली. मग काचेतून माझ्याकडे बघत म्हणाली, "सुमे, या सीटवर मी आज पहिल्यांदा बसतेय." तिचं वय तेव्हा साठीच्या पुढे होतं.

परत येताना बोटीत ती म्हणाली, "नीट करता येईल का गं?" मी म्हटलं, "वेडी आहेस का? गवत उगवलंय आत!" तिने मान हलवली, पण ते पटल्याचं हलवणं नव्हतं.

पुढचा महिना वसूचं घर म्हणजे पंचायत झाली होती. तिने आमच्या भांडुपमधल्याच दाजी सावंतांना गोराईला नेऊन गाडी दाखवली. दाजींचं गॅरेज जुनं, माणूस मालवणी, जिभेला हाड नाही. गाडीखाली वाकून, इथे तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसून ते उठले आणि म्हणाले, "बाय माझे, ही गाडी नाय, ही चाळण आसा." मग त्यांनी समजावून सांगितलं. या गाडीला खाली वेगळा सांगाडा नसतो, बॉडीच सगळं वजन पेलते. म्हणजे तळ कुजला की नुसता तळ कुजला असं होत नाही. सगळं नव्यासारखं करायचं तर वसूचं पेन्शन, तिच्या बांगड्या आणि वर आणखी कुणाकुणाच्या बांगड्या लागल्या असत्या. वसूने ऐकून घेतलं आणि शिवणाच्या तासाला बोलायची त्या आवाजात विचारलं, "दाजी, कुजलेल्या कापडावर टाका धरत नाही, हे मला कळतं. पण बाजूचं कापड बरं असेल तर ठिगळ बसतं. टाका धरेल असा पत्रा कुठे कुठे उरलाय, तेवढं सांगा." दाजी पुन्हा वाकले. या खेपेला जास्त वेळ खालीच राहिले. वर आले तेव्हा पहिल्यांदा हसले. इंजिनाकडची बाजू आणि मधला भाग धड होता. "रस्त्यार चलात अशी करूक येतली. बघूक बरी दिसात अशी नाय."

रुचा, वसूची एकुलती एक मुलगी, पुण्याला असते. ती धावत आली. तिचं म्हणणं मला तेव्हा शंभर टक्के पटलं होतं, आजही त्यात मला चूक काढता येत नाही. "आई, तेवढ्या पैशात चांगली सेकंडहँड छोटी गाडी येईल, एसीवाली. आणि मुळात तुला गाडी चालवता येत नाही! आणि ते पैसे तू घराच्या रंगासाठी ठेवलेत, भिंतींना पोपडे आलेत बघ." सगळं खरं होतं. नवरा गेल्यापासून वसू दर वर्षी रंग काढीन म्हणायची. त्या संध्याकाळी तिने आम्हा दोघींना चहा दिला आणि आपला निर्णय सांगितला. ती म्हणाली, "गाडीचं नंतर ठरवू. आधी माझं ठरवू. मी शिकायला जाते. मला नाही जमलं, तर भंगारवाल्याला मीच फोन करीन, कुणी काही बोलायचं नाही. आणि मला जमलं, तर गाडीलाही जमवू. रंग ना घराला, ना गाडीला." रुचा हताश होऊन माझ्याकडे वळली, "मावशी, तू तरी समजाव ना हिला!" मी काय समजावणार... दुसऱ्या दिवशी ही बया मुलुंडच्या ड्रायव्हिंग क्लासमध्ये नाव घालून आली होती. एक नव्हे, दोन नावं. दुसरं माझं होतं.

त्या क्लासच्या आठवणीने मला अजून हसू येतं. आम्हाला शिकवणारी निशा रुचाच्याच वयाची होती. ती आम्हाला "आँटी" म्हणायची आणि पायाखालच्या ब्रेकवरून पाय कधी हलवायची नाही. वसू स्टिअरिंग असं धरायची, जणू कुणी हिसकावून नेणार आहे. पहिल्या आठवड्यात तिने एक भाजीची हातगाडी, एक कुत्रा आणि एक सोसायटीचं गेट, तिघांनाही घाबरवलं. रिक्षावाले ओरडायचे, "ओ मावशी, घरी जा!" वसू काच खाली करून तितक्याच जोरात ओरडायची, "घरीच चाललेय, वाट सोड!" मी मागे बसून देवाचं नाव घ्यायचे आणि माझी पाळी आली की वसू मागे बसून मला सूचना द्यायची. चढावर गाडी थांबवून पुन्हा काढणं तिला काही केल्या जमेना. परीक्षेलाही गाडी तिथेच बंद पडली आणि ती नापास झाली. मी मात्र पास झाले! ही गोष्ट तिने मला शेवटपर्यंत माफ केली नाही. परतताना रिक्षात मी घाबरत विचारलं, "मग? भंगारवाल्याला फोन?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गात उशिरा आलेली मुलगी आहे. "नापास झाले म्हणजे जमलं नाही असं कुठल्या शाळेत शिकलीस गं तू?" पुढच्या वेळी ती त्याच चढावरून अशी निघाली की परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मान वर करून पाहिलं.

मग गोराईहून गाडी ट्रकवर चढवून भाईंदरमार्गे दाजींच्या गॅरेजमध्ये आणली. तोवर भंगारवाल्याला थांबवून ठेवलेल्या विलासने कागदांवर मुकाट सह्या केल्या. काम वर्षभर रेंगाळलं, कारण वसूच्या हाती पैसे येतील तसंच ते पुढे सरकायचं. आधी तळ आणि दाराखालच्या पट्ट्या, मग ब्रेक, मग इंजिन, शेवटी वायरिंग. दाजी चमकणारं काही सुचवायला लागले की ती हात वर करायची, "थांबायला लागली पाहिजे, चालायला लागली पाहिजे. बाकी राहू दे." ती दर शनिवारी डबा घेऊन जायची आणि वेल्डिंग चाललेलं बघत बसायची. या गाडीचे गियर स्टिअरिंगच्या दांडीवर होते, क्लासमधल्या गाडीसारखे खाली नव्हते. म्हणजे निम्मं शिकलेलं पुन्हा शिकायचं. वसूने काय करावं? खुर्चीच्या पाठीला लाटणं बांधलं आणि त्याच्यावर सराव केला. मी गेले की म्हणायची, "बस, ठाण्याला जाऊन येऊ," आणि लाटणं खाली ओढायची.

गाडी रस्त्यावर आली तेव्हा ती खरंच दिसायला बरी नव्हती. नव्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून लावलेला लालसर प्रायमर, मध्ये मध्ये जुना दुधी रंग, दोन दारं राखाडी. वसूला त्याचं काही नव्हतं. इमारतीतल्या म्हाताऱ्यांना डोळे तपासायला न्यायचं, कुणाच्या बाळंतिणीला घरी आणायचं, मला न विचारता माझ्या दारात येऊन हॉर्न वाजवायचा... तिची निवृत्ती या गाडीत सुरू झाली असं मला वाटतं. एकदा आम्ही गोराईला गेलो, लांबच्या रस्त्याने. विलासला तिने चक्कर मारायला बोलावलं. तो पुढे बसायला लागला तर म्हणाली, "मागे बस. राजासारखा." तो बसला. समुद्राच्या बाजूने आम्ही बरंच अंतर गेलो. मग मागून विलासचा आवाज आला, "ताई, तुला तेव्हाच शिकवायला हवं होतं." वसूने गियर बदलला. "तेव्हा शिकले असते तर अण्णा जीव मुठीत धरून बसले असते रे. निशाला विचार." विलास इतका हसला की त्याला ठसका लागला. पुढे तो दर महिन्याला बहिणीकडे यायला लागला. त्याआधी ते दिवाळीलाच काय ते भेटायचे.

तिचं सगळं आटोपल्यावर हॉस्पिटलातून रुचाला फोन आला, की तुमची एक गाडी पार्किंगमध्ये आहे. रुचाने मला बोलावलं. गाडी दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये, तोंड बाहेरच्या दिशेला, निघायला तयार अशी लावलेली होती. रुचा म्हणाली, "आता विकूच गं मावशी. कोण चालवणार?" आणि दार उघडून बसायला गेली. तिला बसताच येईना. ती वडिलांसारखी उंच आहे, तिचे गुडघे स्टिअरिंगखाली अडकले. सीट मागे सरकवायला खाली हात घातला तर सरकेना. तिने दाजींना फोन लावला. ते म्हणाले, सरकायची पट्टीच गंजून गेली होती, नवीन परवडत नव्हती, म्हणून वसूला बसवून, तिचे पाय पोचतील तिथे सीट बोल्ट मारून पक्की करून टाकली होती. रुचाने फोन ठेवला आणि गाडीला टेकून तशीच उभी राहिली. मग डोळे पुसून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत म्हणाली, "मावशी, तू आईएवढीच आहेस ना?"

मी बसले. पाय बरोबर पोचले. कितीतरी महिन्यांनी मी स्टिअरिंग धरलं होतं, वसूने एकदा शिकवलेले दांडीवरचे गियर आठवून पाहिले. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. भांडुपपर्यंत आम्ही रांगत आलो, मागचे हॉर्न वाजवत राहिले, आणि वाटेत कुठेतरी रुचा म्हणाली, "विकायचं नंतर बघू."

पुढच्याच आठवड्यात दाजींनी नवी पट्टी बसवली, सरकणारी. पैसे रुचाने दिले. आता ती रविवारी पुण्याहून येते आणि मी तिला दांडीवरचे गियर शिकवते. तिची पुण्याची गाडी आपोआप गियर बदलते, त्यामुळे तिची पार वाट लागते. परवा चढावर तिने गाडी बंद पाडली, पुन्हा पाडली, मागे रिक्षांची रांग लागली, आणि ती रागवायच्या ऐवजी खो खो हसत सुटली. तासभर फिरून आल्यावर ती उतरते आणि गाडी जागेवर लावायचं काम माझ्याकडे येतं. मी बसते, सीटखालची दांडी उचलते आणि सीट पुढे ओढते. खट्ट करून ती वसूच्याच जागी थांबते. तिथून क्लच बरोबर पायाखाली येतो.