बेटावरचा शेवटचा माणूस

लांबच्या सात बेटांच्या वाटा थोरल्याला तोंडपाठ होत्या. मोठ्या बोटी जिथं फिरकत नाहीत, तिथं तो पाठीला पिशवी अडकवून आलेल्या एकट्यादुकट्या प्रवाशांना न्यायचा. धाकटा भाऊ दोर बांधायला-सोडायला बरोबर असे. एका सकाळी धक्क्याला लागताना लाटेनं बोट ढकलली आणि थोरल्याचा उजवा पाय बोट आणि दगडाच्या मध्ये सापडला. गुडघ्याखाली काही उरलं नाही.

सुकाणू धाकट्याकडे गेलं. चार महिन्यांनी तो म्हणाला, "दादा, घरात कुजत पडण्यापेक्षा कामाला ये. बसायचंच काम आहे."

सगळ्यात लांबच्या बेटावरची विहीर खारी झाली, तशी तिथली माणसं उठून गेली होती. तिथल्या एका पडक्या घराच्या ओट्यावर धाकट्यानं त्याला बसवलं आणि हातात फाटकं जाळं दिलं.

"कुणी काही विचारलं तर बोलायचं नाही. तू इथला शेवटचा माणूस."

"अरे, पण मी तुझा सख्खा..."

"संध्याकाळी जेवायचंय ना?"

प्रवाशांना तो फार आवडला. दबक्या पावलांनी जवळ यायचे, फोटो काढायचे, बिस्किटं ठेवून जायचे. सुरुवातीला धाकटा त्याला रोज घरी आणायचा. पुढं म्हणाला, "तुला रोज चढवून-उतरवून माझी कंबर मोडली," आणि पांघरूण नि पाण्याचा कॅन ठेवून निघून गेला.

थोरल्याची बायको धाकट्याच्या घरी प्रवाशांचा स्वयंपाक करायची. एकदा डबे वाटायला ती बोटीतून आली. नवऱ्याच्या पुढ्यात डबा ठेवला आणि मान खाली घालून पुढं गेली. तिला तसं बजावलेलं होतं. तिनं ते जरा जास्तच नीट पाळलं.

सातव्या महिन्यात एक बाई त्याच्याशेजारी टेकली. "बाबा, एकटं नाही वाटत?"

त्याला राहवलं नाही. "मी इथला नाही हो. तो बोटवाला माझा पाठचा भाऊ. मला घरी न्या."

बाई ताडकन उठली नि धाकट्यावर कडाडली, "म्हणजे हे सगळं नाटक? दोन बोटी बदलून एवढ्या लांब हे बघायला आले मी?" 'घरी न्या' हे शब्द तिच्या कानाबाहेरच राहिले.

धाकटा हसला. "एकटं राहून डोकं फिरलंय हो त्याचं. दिसेल त्याला भाऊ म्हणतो."

बाईचा चेहरा निवळला. "अरेरे, बिचारा!" म्हणत तिनं आणखी एक फोटो काढला.

पुढचे तीन दिवस बोट आली नाही. समुद्र ताटासारखा सपाट होता. कॅन पहिल्याच दिवशी संपला. दुसऱ्या दिवशी थोरला सरपटत विहिरीशी गेला, खारं पाणी प्यायला आणि ओकला.

चौथ्या दिवशी धाकटा प्रवासी घेऊन आला. त्यांना बोटीतच थांबवून त्यानं बाटली पुढं केली. थोरला घटाघटा प्यायला.

"आता बोलशील?"

थोरल्यानं नाही अशी नुसती मान हलवली.

"शाबास," म्हणून धाकटा प्रवाशांना हात देऊन उतरवायला गेला.