पुढं चालायचा मान

ये सुजाता, अशी जवळ सरक. कागदावर सरकायचं म्हणजे कसं ते तुझं तू बघ. काय गं पोरी, शाळेत बाई झालीस, पुण्याला राहायला गेलीस, आणि मावशी आता फक्त फोनवर? दिवाळीला आलीस तीही उभ्या उभ्या. चहा अर्धा ठेवून एसटीला पळालीस. रागावून घेते तुला आत्ताच. पुढचं वाचलंस की मग रागवायचा हक्क मला राहायचा नाही.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझे काका गेले, त्यांनाही नाही. देवापुढं हात जोडले तरी इथपर्यंत आलं की मी दुसरंच काही मागायला लागते — पाऊस, नातवाची नोकरी, काहीही.

परवा तू फोनवर म्हणालीस, "मावशी, यंदा जयंतीला विहारापुढं तुझा सत्कार करायचं ठरलंय. गावात पहिल्यांदा आमच्या बायांना मोर्चात पुढं चालायचा मान तू दिलास." मी बरं म्हणाले, फोन ठेवला, आणि मोरीत जाऊन ओकले. खरंच ओकले. सून म्हणाली पित्त असेल.

पित्त कसलं? सांगते. पण आधी मोंगलांचं सांगावं लागेल. हसू नकोस.

तू बांधावर बसून ऐकायचीस, आठवतं? कांद्याची लागवड चालायची, आणि आपल्याकडं सावड — आज सगळ्या तुझ्या वावरात, उद्या सगळ्या माझ्या. सावडीत जात बघत नव्हतो आम्ही. चहाच्या कपात बघत होतो. तुझ्या आईचा कप कुडात खोचलेला वेगळा. ती ओळीत माझ्या शेजारी बसायची. शेवंताचा हात म्हणजे काय सांगू! डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्यानं टोच टोच टोच, आणि तोंड माझ्याकडं. "आक्का, कालची गोष्ट कुठवर आली व्हती?"

मी चौथी शिकलेली, पण वाचनालयातलं जाडजूड पुस्तक मिळालं की सोडत नव्हते. त्या साली मोंगलांचं मिळालं होतं, पुठ्ठा फाटलेलं. रोज वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी ओळीत सांगायचं. आधी तर कुणाला कळेचना. "म्हंजे शिवनेरीवर व्हते त्येच का?" अगं ते मोगल, लई नंतरचे. हे गवताच्या देशातले, लोकरीच्या जाड तंबूत राहणारे, घोडीचं दूध आंबवून पिणारे. खान म्हणजे त्यांच्यात राजा. चीनपासून पार रशियापर्यंत घोडी नेली त्यांनी. वाटेवर ठिकठिकाणी ताजे घोडे बांधलेले असायचे. निरोप्यानं दमलेल्या घोड्यावरून उतरायचं आणि दुसऱ्यावर टांग टाकायची. त्याच वाटांनी रेशीम गेलं, कारागीर गेले, बंदुकीच्या दारूची विद्या गेली. एक खान मेला तर मागं त्याच्या बायकोनं काही वर्षं राज्य चालवलं, असं सांगितलं तेव्हा तुझी आई म्हणाली, "आपल्यात नवरा मेला की कुकू पुसत्यात, तिकडं राज्य देत्यात व्हय!" सगळी ओळ हसून चिखलात बसली.

सगळं सांगितलं मी. एक पान सोडून.

त्या पानावर काय होतं? एक शहर जिंकलं की तिथली धरलेली माणसं मोंगल पुढच्या शहराच्या तटापुढं हाकत न्यायचे. तटावरचे बाण आधी त्यांच्या अंगात. खंदक त्यांनीच भरायचा, आणि पडले तर त्यांच्याच देहांनी भरायचा. मागून घोडेस्वार यायचे. अंगाला ओरखडा न लागलेले. ते वाचून मला अशी किळस आली की पुस्तक उंबऱ्यावर पालथं ठेवलं, जेवले नाही. माणसं अशी असतात? — म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तुझ्या आईनं नेमकं तेच विचारलं. "आक्का, तटापुढं सगळ्यात आधी कोन जायचं?"

कसं सांगणार? जिभेवर येईना. मी म्हणाले, "जे सगळ्यात शूर, ते."

ही पहिली खोट. पण ही मी कबूल करायला बसले नाही. ही तर लहान आहे.

मग ओढ्यावरच्या हातभट्टीचं निघालं. भट्टी लावणारा आमच्याच भावकीतला, दोन गडी आणि काठ्या बाळगून असलेला. चौकीला किती वेळा सांगून झालं, जीप काही येत नव्हती. बायांनी भट्टी फोडायची असं ठरलं, आणि पुस्तकं वाचते म्हणून पुढारीण मी. आदल्या दिवशी देवळात आमच्या घरांतल्या बाया बसल्या. माझ्या जाऊबाईंनीच विचारलं, "समदं खरं, पर पुढं कोन ऱ्हानार? त्यो काय हात बांधून बसनार हाय का?" एकीनं बांगडी फिरवली, एकीनं पोराचं नाक पुसलं. माझ्याकडं बघत होत्या.

आणि सुजाता, ते पान माझ्या डोळ्यांपुढं आलं. विसरून नाही, भ्रमात नाही. ओळ न् ओळ दिसली. खंदक दिसला. मागचे घोडेस्वार दिसले. आणि मी गोड आवाजात म्हणाले, "आजवर वस्तीतल्या बायांना आपण प्रत्येक मिरवणुकीत मागं ठेवलं. उद्या त्यांना पुढचा मान देऊ."

काय टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी! जाऊबाई नुसत्या हसल्या. त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं. त्यांना कळलं.

अजून एक आहे. थांब, लिहिते. कुणाचं तरी रक्त सांडल्याशिवाय जीप येणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी ते धरूनच चालले होते. कुणाचं सांडावं हेही मीच ठरवलं. याला तू काय नाव देशील? माझ्याकडं तर त्या पानावरचंच आहे.

सकाळी तुझी आई आली ती पांढरी साडी नेसून. विहारात पौर्णिमेला नेसायची, ती. घडीच्या रेघा दिसत होत्या. मागं वस्तीतल्या सगळ्या, डोक्याला तेल, केसांत फुलं. जणू लग्नाला निघाल्यात. माझा हात धरून ती म्हणाली, "आक्का, त्या गोष्टीतल्यावानी का? सगळ्यात शूर पुढं!"

मी काय केलं? मान हलवली. हसले. तिच्या खांद्यावरचा पदर नीट केला मी, या हातांनी.

ओढ्याच्या उतारावर आधी रसायनाची मडकी आली. सडका गूळ, नवसागर, कशाकशाचा तो आंबूस घाण वास. सगळं तिच्या पांढऱ्या साडीवर. मग काठ्या. तुझी आई मागं वळली नाही. उलट ओरडली, "या गं, भिऊ नका!" — आम्हाला! मी कुठं होते? पाण्याच्या टाकीमागं. टाकीच्या भिंतीला हात लावून उभी, अंगावर एक शिंतोडा नाही. तिच्या डाव्या कोपरावर काठी बसली तो आवाज मी तिथून ऐकला. वाळली काटकी मोडावी तसा. आणि मनात काय आलं माझ्या? आता जीप येईल.

आली. भट्टी गेली. ग्रामसभेत शाल आणि नारळ मला. बोलताना मी म्हणाले, "आम्ही सगळ्या खांद्याला खांदा लावून होतो." समोर तुझी आई, हात गळ्यात बांधलेला, उजव्या हातानं मांडी थोपटून टाळी देत होती. तिची साडी मीच धुवायला नेली, सगळ्यांना दिसेल अशी रस्त्यानं. डाग निघाला नाही. परत दिली तेव्हा म्हणाली, "ऱ्हाऊ दे आक्का, मानाचा डाग हाय."

तो हात पुन्हा सरळ झाला नाही. पुढच्या लागवडीला जुडी धरता येईना, ओळीत मागं पडायला लागली. आमच्या बायाच म्हणाल्या, ही आपल्या वावरात अर्धंच काम करणार आणि आपण हिच्याकडं पुरं करायचं? सावडीतून काढली तिला. मी तिथंच होते. खाली मान घालून रोपं लावत होते. तुला वाटतं ना, आईनं हात चालेना म्हणून आपणहून शेत खंडानं दिलं? नाही गं.

मोंगलांची मला किळस आली होती. ते तरी परक्या शहरातली माणसं हाकायचे, दोर लावून. मी माझ्या शेजारच्या ओळीतली बाई नेली, फुलं माळून, आणि तिच्याकडून आभार घेतले. अजून घेते. दर संक्रांतीला वाकड्या हातानं तिळगूळ देते ती मला. मी खाते.

सत्कार घेणार नाही. त्याचं कारण मंडळाला मीच सांगेन, तू सांगू नकोस. माफ कर असंही म्हणत नाही. तुझ्याकडं ते मागायचं नाही आणि मला ते पेलायचंही नाही. तू वर्गात मोंगल शिकवतेस म्हणालीस. ते पान सोडू नकोस, एवढंच.

तुझ्या आईला अजून माहीत नाही. तिला तिच्या ओट्यावर बसून सांगायचंय, जयंतीच्या आधी, सगळं, त्या टाकीपासून त्या कपापर्यंत. तू असावंस वाटतं. माझी बाजू घ्यायला नाही, मी उठून गेल्यावर तिच्याजवळ कुणीतरी बसायला हवं म्हणून.

लवकर ये. कळंबला उतर, मी फाट्यावर उभी राहीन. वस्तीत शिरताना मी पुढं चालेन. तू मागून ये.