वरून टाकलेली किल्ली

गाडीची पूजा झाली तेव्हा मी फाटकाबाहेर उभी होते. गाडी माझ्यासाठी घेतली होती.

माझ्यासाठी, असं तेच म्हणत. "आमच्या बाईसाठी गाडी बघतोय," वकीलसाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. लोक कौतुकानं त्यांच्याकडे बघत. मी चिमीची वेणी घालता घालता ऐकत असे. तेव्हा नागपुरात दारात मोटार उभी असली की पत्ता सांगायला तेवढी खूण पुरायची.

सिव्हिल लाइन्समधला त्यांचा बंगला. मी तिथं त्यांची दोन लेकरं सांभाळायची. बबलू शाळेत जायचा, चिमी तीन वर्षांची. बबलूची सायकलरिक्षा उलटली, त्याचं कोपर फुटलं, आणि ठरलं की जुनी का होईना मोटार घ्यायची. चालवणार मी. कारण लायसन माझ्याकडे होतं.

हे लायसन म्हणजे आमच्या घरातला विनोदच. माझा नवरा ट्रक चालवायचा. मौद्याजवळ आमचं गाव, तिथल्या उन्हाळी वावरात त्यानं मला शिकवलं. "क्लच हळू सोड वं, चुलीतलं लाकूड ओढून नाही राहिली तू." लायसनवरचा फोटो असा, की पोलिसानं बघितला तर आधी विचारावं, गाडी कुणाची चोरली. पण सगळ्या वस्तीत लायसनवाली बाई मी एकटी. पोलक्यात ठेवून फिरायची. देवाचा ताईत असावा तसं.

आमची जात त्यांना माहीत होती. माझा कप खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर पालथा असे. मला काही द्यायचं झालं की वरून टाकत, मी ओंजळीत झेलायची. चिमीला मात्र मीच न्हाऊ घालायची, मीच भरवायची. तेवढ्या वेळापुरता विटाळ रजेवर जात असावा. मला याचं हसू यायचं. हसू आलं की दुसरं काही यायचं नाही, म्हणून मी हसायची.

कामठी रोडवर एका दलालाच्या आवारात जुन्या गाड्या उभ्या असत. साहेब मला आणि एका मिस्त्रीला घेऊन गेले. मी नवं लुगडं नेसून गेले. गाडी बघायला चालले होते की पोरगी बघायला, कोण जाणे.

दोन गाड्या बजेटात बसत होत्या. एक पांढरी, नवा रंग मारलेली, चकचकीत. दुसरी हिरवी. बॉनेटवर पोपडे, मागचा दिवा फुटका. मी दोन्हींत बसले. पांढरीचा ब्रेक दाबला तर पायडल तळाला टेकलं. दोन-तीनदा मारावं तेव्हा धरायचा. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार लागत नव्हतं, आतून तारेनं बांधलेलं. हिरवीचा ब्रेक पहिल्या दाबात पक्का. चारही दारं दणकन लागत होती.

मी खाली उतरले. "साहेब, हिरवी घ्या. दिसाले बेढब आहे, पण लेकरं बसवाची आहेत. पांढरीचा ब्रेक एका दाबात लागत नाही."

मिस्त्री म्हणाला, "बाई बराबर बोल रही है, साब."

साहेब पांढरीभोवती फिरले. मागचं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग दलालाला म्हणाले, "मागची दारं ठीक आहेत. मुलं मागंच बसणार. पुढं काय, बाईच तर बसायची आहे. धरून बसेल दार."

दलाल हसला. मिस्त्रीनं खाली बघितलं.

मी पण हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले. हे मी आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

पांढरी घेतली. मिस्त्री ब्रेक मारत मारत ती घरी घेऊन आला. मी मागून बसनं आले. पूजेआधी मी तिच्यात बसायचं नव्हतं. दलालाच्या आवारात बसले होते, ते चाललं. तेव्हा गाडी घरची नव्हती.

पूजेच्या दिवशी बाईसाहेबांनी चालकाच्या सीटवर तरट घातलं. म्हणाल्या, "तू बसशील तेव्हा हे असू दे. घरचं कुणी बसेल तेव्हा काढून ठेवत जा." बरं, म्हटलं. मग मला फाटकाबाहेर थांबायला सांगितलं. पहिला हात घरचा लागायला हवा, चाकाखाली लिंबं घरच्यानंच चिरडायला हवीत.

बंगल्याच्या पोर्चपासून फाटकापर्यंत उतार आहे. नारळ फुटला. कुंकू लावलं. साहेब तरट बाजूला सारून बसले. तेवढ्यात चिमी धावत बाहेर आली आणि माझ्या लुगड्याला बिलगली.

लिंबं चिरडली. गाडी थांबली नाही. साहेबांनी ब्रेक एकदाच दाबला असेल. मी चिमीला उचलून भिंतीकडे पडले. फाटक वाकलं. तार तुटली, ते पुढचं दार उघडून लोंबकळलं.

बाईसाहेबांनी आधी चिमीला माझ्या हातातून ओढून घेतलं. मग सगळे गाडीचं बॉनेट बघायला गेले. माझा दंड सोलला होता. रक्त बघत मी बसून राहिले. दुखत नव्हतं. काहीच होत नव्हतं.

"मी म्हटलं होतं, हिला समोर उभी करू नका," बाईसाहेब म्हणाल्या.

समोर म्हणजे फाटकाबाहेर. त्याहून लांब कुठं उभं राहायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

साहेब आले. घामानं भिजलेले. "जाऊ दे. उद्यापासून बबलूला शाळेत न्यायचंय, वेळेवर ये," म्हणाले, आणि नेहमीसारखी वरून किल्ली टाकली.

मी हात पुढं केला नाही.

असं काही मी ठरवलं नव्हतं. हात मांडीवर होते, तिथंच राहिले. किल्ली लिंबाच्या रसात पडली.

"उचल."

"नाही उचलत, साहेब."

"काय?"

"या गाडीत मी लेकरं बसवत नाही. अन् मी बी बसत नाही. काहून बसू? मी सांगतलं होतं तुमाले."

उठले. चिमी आतून रडत होती, मला हाक मारत होती. तेवढं ऐकू येत होतं. मागं वळले नाही. वळले असते तर किल्ली उचलली असती, मला माझी खात्री आहे.

पुढं त्यांचं डोकं ठिकाणावर आलं, मला बोलावणं आलं, असं सांगायला मला आवडलं असतं. आलं नाही. गाडी कडुनिंबाखाली उभी राहिली, टायर बसले. चिमीनं मला कधीच विसरून टाकलं असेल. नवरा संध्याकाळी एवढंच म्हणाला, "हात दाखव," आणि हळद लावली.

आता आमच्या घरात नातवंडं एकमेकांकडे वस्तू फेकतात, तेव्हा मी ओरडते. सुना म्हणतात, आईंचं काहीतरी खूळ आहे. असू दे खूळ. माझं दोन गोष्टींवर ठरलेलं आहे. जिच्या हातात स्टिअरिंग, तिचा जीव मागच्या सीटवरच्यांइतकाच. आणि वरून टाकलेलं मी झेलणार नाही. किल्ली नाही, भाकर नाही, मेल्यावर मूठभर माती टाकाल, तीसुद्धा खाली वाकून टाका.