नानांच्या गळ्यातला फोन

सिंगापूरमधल्या यिशुनच्या आमच्या मराठी कंपूत किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. कुणाच्या तरी फ्लॅटवर जेवायला जमायचं, कुणीतरी म्हणायचं, "ते तामिळनाडूच्या ट्रिपचं सांग गं!" आणि मग पानातलं वरण गार झाल्याशिवाय माझी सुटका नाही. आता सगळे पोट धरून हसतात. तेव्हा कुणी हसत नव्हतं.

कारण आमच्यातली विद्या. तिचा नवरा मिलिंद मालवाहू जहाजावर इंजिनीअर. आम्ही निघायच्या थोडं आधी त्याचं जहाज वादळात सापडलं आणि त्याचे फोन थांबले. कंपनीचं उत्तर एकच, "वी विल कॉल यू बॅक, मॅडम!" विद्या ट्रिप रद्द करणार होती. पण तिचे सासरे, नाना, म्हणाले, "घरात फोनकडे बघत बसलीस तर वेड लागेल. मोबाइलला रोमिंग घे, माझ्याकडे दे आणि चल."

रोमिंग म्हणजे त्या काळी केवढं अप्रूप! नानांनी तो मोबाइल कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवला. झोपतानाही काढला नाही.

*

पहिला मुक्काम त्रिचीजवळच्या खेड्यात, आमच्या तमिळ शेजारणीच्या माहेरी. दिवस पोंगलचा, म्हणजे त्यांच्या संक्रांतीचा. अंगणात चूल, चुलीवर हळदीचं रोप बांधलेलं मडकं, भोवती सगळं घर टक लावून उभं. दूध वर यायला लागलं आणि विद्या ओरडली, "अगं, उतू जातंय!" नुसती ओरडली नाही, पुढे होऊन चुलीतलं जळतं लाकूड ओढलंसुद्धा!

दूध उतू जाण्यासाठीच तर सगळे थांबले होते. मडकं भरून वाहिलं की वर्ष चांगलं, आणि आमच्या बाईने ते खाली बसवलं!

विद्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं. घरच्या आजींनी लाकूड परत आत सारलं. दूध पुन्हा चढायला एक युग लागलं. शेवटी भसकन वर आलं आणि सगळे ओरडले, "पोंगलो पोंगल!"

ट्रिप आखणारे आमच्या कंपूतले जोशी, पेशाने अकाउंटंट, विद्याला म्हणाले, "वहिनी, यिशुनला असतो तर दुधाआधी फायर अलार्म वाजला असता!"

*

तंजावरला नाना देवळात यायलाच तयार नाहीत. का, तर आत मोबाइल चालत नाही. "देव इथूनही दिसतो," म्हणाले आणि दाराबाहेर सावलीत बसले.

आम्ही आतल्या पटांगणात पोचतोय तोच बाहेरून हाक, "विद्याऽऽ! फोन!"

ऐन दुपारची वेळ, फरशी तव्यासारखी तापलेली, आणि विद्या अनवाणी धावतेय. मी मागे. तिने फोन कानाला लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "हाय मॅडम! हौगांगला नवा कॉन्डो येतोय. फ्लॅटमध्ये इंटरेस्टेड?"

विद्या म्हणाली, "नो, थँक यू." फोन बंद केला आणि तिथेच उन्हात बसली. मला त्या मुलीचा गळा दाबावासा वाटला.

नानांनी फोन घेतला, धोतराच्या सोग्याने पुसला, पिशवीत ठेवला. "म्हणजे रेंज आहे हं," म्हणाले.

*

मदुराईत मात्र विद्या हसली. एकदाच.

आमच्याकडे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या हॉलमध्ये, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा तुमची. कितीही गर्दी असो, ते कुणी हलवत नाही. मदुराईच्या खानावळीत जोशींनी त्याच विश्वासाने खुर्च्यांवर पाकिटं मांडली आणि ते हात धुवायला गेले. माझी लेक सई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणत होती, "अंकल, हिअर कॅनॉट लाह!" ऐकतंय कोण!

परत येतात तो तिथे एक कुटुंब ऐसपैस जेवत होतं. त्यातल्या आजोबांनी आमचा टिश्यू काढला, मिशा पुसल्या, उरलेलं पाकीट जोशींच्या हातात दिलं आणि म्हणाले, "थँक यू, सार!"

*

आणि मग पळणी. तेही ऐन तैपूसमच्या जत्रेत.

डोंगरावर मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकस्वामी. बाईने त्याचं दर्शन घेतलं तर सात जन्म वैधव्य, हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडलेलं. एरवी मी असल्या गोष्टींची टर उडवते. त्या दिवशी नाही उडवली. विद्या पायथ्याशी थांबली, मीही थांबले. बाकीचे वर गेले. नानाही, गळ्यात फोन घेऊन.

शेजारच्या फुलवालीला मोडक्या हिंदीतून कारण कळलं तेव्हा ती खदखदून हसली. "अम्मा, त्याला दोन-दोन बायका आहेत!"

"इथे असतील," विद्या म्हणाली. "आमच्याकडे नाहीत."

जोशी, सई, सगळे उतरून आले. नाना नाहीत. गर्दी वाढत होती, कावडी नाचत होत्या, ढोल थांबत नव्हते. जोशी चौकीवर सांगून आले, "पांढरे केस, धोतर, गळ्यात पिशवी."

आणि नाना आले. डोक्यावर एक केस नाही!

भोवती नवस फेडलेली शेकडो तुळतुळीत डोकी होती. पुरुषांची, बायकांची, तान्ह्या बाळांचीसुद्धा. आम्हाला दिसलं ते एकच. आपल्यात घरातलं कुणी गेलं की केस उतरवतात. विद्या मटकन खाली बसली.

नानांनी लाजून टाळूवरून हात फिरवला. "अगं, पायऱ्या चढतानाच मिलिंदचा फोन आला! जहाज कोलंबोला लागलंय. सुखरूप आहे. फोन आला की केस देईन, असं बोललो होतो. म्हणून तसाच खाली उतरलो, केस दिले आणि मग वर जाऊन आलो."

"आधी मला सांगायचं, नाना!" विद्या किंचाळली आणि भर रस्त्यात ढसाढसा रडली. नाना गोंधळून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मग तिने पदराने तोंड पुसलं. उठली. फुलवालीकडून एक हार घेतला, चपला काढून माझ्यापुढे सरकवल्या.

"जरा बघ गं," म्हणाली.

"अगं विद्या, पण..."

ती चार पायऱ्या चढलीसुद्धा होती.