माकडाची दाढी

पौडच्या आठवडे बाजारात गोणपाटावर मुलांची पुस्तकं मांडून बसणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. तो मोठ्यांकडे बघायचाच नाही. पोराला पहिलं पान वाचून दाखवायचा आणि मध्येच पुस्तक मिटायचा. पोरानं "पुढं?" असं विचारलं, तरच ते पुस्तक घ्या म्हणायचा.

न्हाव्यापुढं दाढीला बसलेल्या माकडाच्या गोष्टीला माझी सात वर्षांची लेक "पुढं?" म्हणाली. मी पडलो शाळामास्तर. मी सुविचारांचं पुस्तक उचललं.

"गुर्जी, ह्ये तुमाला आवडलंय. वाचायचंय तिला," तो म्हणाला.

तरी मी तेच घेतलं. लेक सासरी गेल्यावर ते सुविचारांचं पुस्तक फळीवर सापडलं, अगदी कोरं. त्या माकडाची दाढी झाली की नाही, ते आम्हा बापलेकीला कळलंच नाही.