धाकटीनं आधी

आईचं माहेर हिंजवडीजवळचं. आता तिथं कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागते, पण आजोबांची थोडी जमीन शिल्लक होती. ते गेल्यावर दोन्ही मामांनी वाटणीसाठी बोलावलं, तेव्हा आई पर्समध्ये हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊनच निघाली. बहिणीनं हिस्सा सोडायचा आणि साडी-चोळी घेऊन परतायचं, ही रीत. कसबा पेठेतून निघाल्यापासून मी कॅबमध्ये तिच्याशी भांडत होते.

"मला जमीन नको गं, माहेर हवंय," एवढंच ती म्हणाली. हिस्सा घेतला की भाऊ तुटतात, हे तिनं मैत्रिणींच्या घरी पाहिलं होतं.

वाटायचं म्हटलं की मला कॅल्क्युलेटर आठवतो. थोरल्या मामाला जमीन मोजायची दोरी आठवते. आईच्या माहेरी वाटण्याची दोन कामं असतात, वाटे पाडणं आणि वाटा उचलणं, आणि ती एकाकडे कधीच देत नाहीत. थोरला पाडतो, धाकटा आधी उचलतो, थोरल्याला उरेल तो. मापात पाप करायची सोयच नाही. आमच्या ऑफिसातल्या हुशार मंडळींना हे सात जन्मांत सुचलं नसतं.

थोरल्या मामानं आठ दिवस खपून खुंट्या ठोकल्या होत्या. रस्त्याकडेचा तुकडा लहान, त्याच्या लगतचा मुरमाड पण सर्वांत मोठा, पलीकडचा विहिरीचा, मध्यम. मी पुन्हा मोजले. भाऊ दोन आणि वाटे तीन!

आईनं मसुदा पुढं केला. मामानं तो न वाचताच घडी घालून माझ्या हातात कोंबला. "धाकटीनं आधी उचलायचा. चल."

ही आता मुरमाड मागून त्यागमूर्ती होणार, असं मी धरूनच चालले होते. आई तिन्ही तुकडे सावकाश फिरून आली आणि रस्त्याकडेच्या खुंटीवर हात ठेवून म्हणाली, "हा."

धाकट्या मामाचा चेहरा जरा उतरला, पण त्यानं मुकाट्यानं विहिरीचा उचलला. थोरल्याच्या वाट्याला मुरूम. मला आईचा आणि थोरल्या मामाचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

आई मात्र थोरल्या मामाकडे वळली. "दादा, आता माझं येणं-जाणं बंद नाही ना होणार?"

"बंद? आगं, तुज्या बांधाला माजा बांध लागलाय आता," मामा म्हणाला. "भांडायला तरी यावंच लागंल तुला."